हिरवं पाणी

काळेवाडी,
१२ ऑगस्ट १९७५

चांदचाचांना प्रभावतीचा जयभीम आणि सलाम, दोन्ही.

रोपं पोचली. तुम्ही ती चाकणहून कांद्याच्या ट्रकवर चढवलीत, त्यामुळे आठवडाभर शाळेला कांद्याचा वास येत होता. पण चाळीसच्या चाळीस धडधाकट उतरली. वीस लिंब, वीस करंज. बाबा असते तर म्हणाले असते, चांदभाईनं पोरीला आहेर धाडला. तुम्ही दोघं एका कंपनीत, एका पाळीत राबलात. बाबा गेले तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, काही लागलं तर कार्ड टाक. हेडबाई झाल्यावर पहिलं मागणं मी झाडांचंच केलं.

कशासाठी, ते लिहिते. शाळेपुढे वीस गुंठे मुरमाड मैदान आहे. ते उघडंबोडकं दिसतं म्हणून तिथे कारखान्यांचे ट्रक उभे करायचं घाटतंय. मी वर, जिल्ह्याच्या कचेरीत अर्ज केला. उत्तर आलं की पुढच्या जूनअखेर साहेब पाहणीला येतील. वर्षभर जगलेली तीस झाडं दिसली तर मैदान शाळेचं, नाहीतर ट्रकचं. साडेतीनशे मुलांना पाय मोकळे करायला एवढीच जागा आहे, चाचा. ती गेली तर वर्गाच्या दाराशी चाकं फिरतील.

पाण्याची सोय मी नामी काढली आहे. आमच्या शाळेलाही कंपनीसारख्या दोन शिफ्ट. सकाळची सव्वासातला भरते आणि रोज दहा-बारा मुलं उशिरा येतात. छडी मला आवडत नाही. म्हणून नियम केला की जो उशिरा येईल त्यानं पलीकडच्या विहिरीवरून दोन बादल्या आणायच्या आणि नेमून दिलेल्या झाडांना घालायच्या. आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष अण्णासाहेब खूश झाले. शाळेला लागूनच त्यांचा सायकलच्या भागांना चकाकी चढवायचा कारखाना आहे. म्हणाले, बाई, एका दगडात दोन पक्षी मारलेत.

तब्येतीला जपा. चाचींना सांगा, मेथीचे लाडू अजून पुरवून पुरवून खातेय.

तुमची,
प्रभा


चाकण,
२५ ऑगस्ट १९७५

बेटी प्रभास चांदभाईची दुवा.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा मी, एकदा तुझ्या चाचीला मोठ्यानं. माझं अक्षर सांभाळून घे. कंपनीच्या नोटीस बोर्डावर वाचायला शिकलेला गडी मी, माझी वेलांटी कुठंही जाऊन पडते.

आता रोपांचं ऐक. मुरमात खड्डा हातभर खोल पाहिजे, आणि त्यात गाळाची माती. बुंध्याला पाणी भिडवायचं नाही, आळं रुंद करून कडेनं सोडायचं. झाड तोंडानं पीत नाही, पायानं पितं. आळ्यात वाळका पालापाचोळा टाक म्हणजे ओल धरते. करंजाला शेळी तोंड लावत नाही, लिंबाला मात्र काट्यांचं कुंपण घाल. दोन्ही मुरमात तगतात, म्हणून तर हीच धाडली. इथं बसून मी उंटावरून शेळ्या हाकतोय, तरी एवढं करच.

बादल्यांचं वाचलं. आधी हसलो. मग चहा गार होईस्तोवर तसाच बसलो. का, ते आत्ता नको. एवढंच विचारतो, रोज उशिरा येणारी पोरं रोज तीच असतात का गं?

तुझा,
चांदचाचा


काळेवाडी,
९ जानेवारी १९७६

चाचा,

चार महिने पत्र नाही, रागावू नका. दिवाळीपर्यंत सगळं दृष्ट लागण्यासारखं होतं. रोपं माझ्या कमरेला लागली होती. पुढून येणारे-जाणारे थांबून बघायचे.

आता मात्र मागची रांग वाळू लागली आहे. कारखान्याच्या भिंतीकडची. आधी पानांच्या कडा करपतात, मग पान तांबूस होतं, मग शेंडा मान टाकतो. सहा गेली, आणखी चार-पाच त्याच वाटेवर आहेत. पुढच्या तीन रांगा हिरव्यागार. तीच माती, तेच पाणी, मग ह्या रांगेनं काय घोडं मारलंय? अण्णासाहेब म्हणाले वाळवी असेल. त्यांनी पावडर आणून दिली, ती टाकली. काही फरक नाही. बुंध्याशी हिरवट खपलीसारखं काहीतरी धरलंय, मला ते शेवाळ वाटलं.

दहापेक्षा जास्त गेली तर मैदान गेलं. रोज सकाळी आधी ती रांग मोजते, मग हजेरी घेते.

तुम्ही विचारलं होतंत. हो, उशिरा येणारी तीच ती असतात. त्यांना सवयच लागलेली असते. त्यातल्या एका मुलीच्या हाताला तर खरूज झाली आहे. सोजर तिचं नाव, चौथीत आहे. घरचे दुष्काळात परभणीकडून इथे आले. तिला मलम दिलं आणि सांगितलं, हात स्वच्छ धूत जा. मुलांना किती म्हणून सांगायचं.

वाळवीवर तुमच्याकडे काही गावठी उपाय असेल तर उलट टपाली कळवा.

प्रभा


चाकण,
१८ जानेवारी १९७६

बेटी,

ही वाळवी नव्हे. वाळवी बुंधा पोखरते, पान आधी पिवळं पडतं. कडा करपून वरनं खाली झाड मरतं तेव्हा मुळाशी काहीतरी ओतलेलं असतं. एकाच रांगेत मरतं तेव्हा एकाच हातानं ओतलेलं असतं.

मला हे कसं ठाऊक, असं तू विचारशील. ऐक मग. तुझ्या बापालाही मी हे सांगितलं नव्हतं.

चौसष्ट साली आमचा संप मोडला. मी त्यात पुढं होतो. कामावर परत घेतलं, पण मशीनवर नाही. फोरमन म्हणाला, चांदभाई, तुमचे हात फार चालतात, जरा बागेत चालवा. दहा वर्षं लेथवर काढलेल्या माणसाच्या हाती खुरपं दिलं. जाता-येता पोरं म्हणायची, काय मालीबुवा, गुलाब द्या की एखादा. बेटी, त्या खुरप्यानं मला जेवढं कापलं तेवढं कुठल्या मशीननं नाही कापलं.

साहेबाच्या दारात एक सिल्व्हर ओक होता. त्याला रोज पाणी घालायचं काम माझ्याकडे. भट्टीखात्यात पोलाद तापवून कडक करायला जे मीठ वापरतात, ते वापरलेलं मीठ मी डब्यातून आणायचो आणि पाण्यात कालवून त्याच्या मुळाशी सोडायचो. महिनाभर. त्याच्या पानांच्या कडा अशाच करपल्या. साहेबानं पुण्याहून जाणकार आणला, तोही वाळवी म्हणाला. राग फोरमनचा, मेलं झाड. वड्याचं तेल वांग्यावर, म्हणतात ते हेच.

ते वाळल्यावर मला आनंद होईल असं वाटलं होतं. झाला नाही. तोडायला मलाच लावलं. त्यानंतर मी झाडाला कधी वाईट हात लावला नाही, आणि पुढं तर त्यांच्याशिवाय करमेना. पण ते एक झाड माझ्या नावावर आहे.

म्हणून तुझ्या बादल्या वाचल्या तेव्हा चहा गार झाला. ज्याला शिक्षा म्हणून झाड दिलं, तो झाडाचाच सूड घेणार. तुझ्या त्या रांगेला पाणी घालणारं लेकरू कोण, ते बघ. पण बेटी, चोर पकडल्यासारखं पकडू नको. वर्गापुढं उभं करू नको. मला तेव्हा कुणी नुसतं जवळ बसून विचारलं असतं तर ते झाड आज उभं असतं.

चांदचाचा


काळेवाडी,
२६ फेब्रुवारी १९७६

चाचा,

तुमचं पत्र वाचून मी आठ दिवस तुमच्यावर रागावले होते. वाटलं, मी मुलांना छडी लावली नाही, आणि चाचा मला त्या फोरमनच्या रांगेत बसवतात. मग राग ओसरला, कारण मागची रांग कुणाची ते हजेरीच्या वहीत माझ्याच अक्षरात होतं. सोजर. जून ते जानेवारी, महिन्यातले वीस-वीस दिवस उशिरा.

परवा तिला दोन बादल्या आणायला सांगितलं आणि लांबून मागे गेले. ती विहिरीकडे वळलीच नाही. शाळेच्या भिंतीला वळसा घालून अण्णासाहेबांच्या कारखान्यामागे गेली. तिथे एक नाली आहे, तिच्यातून तिनं तांब्यानं बादल्या भरल्या. मी तिच्यासमोर उभी राहिले. तुमचं पत्र आठवलं नसतं तर तिथेच तिचा कान धरला असता, हे कबूल करते.

मी खाली बसले. विचारलं, सोजर, त्या झाडांवर तुझा राग आहे का?

ती म्हणाली, "राग कशाला बाई? माजीच हायेत की ती. म्हून तर हितलं आनते. हिरीचं पानी निस्तं पांढरं हाय. हे बगा कसं हिरवं हाय. मला वाटलं, हिरवं पाजलं तर लवकर हिरवी हुतील."

चाचा, मी बादलीत पाहिलं. खरंच हिरवं होतं. हिरव्या काचेच्या बांगडीसारखं. चकाकी चढवून झाल्यावर धुवायचं पाणी ते, कारखान्यातला माणूस म्हणाला, त्यात निकेल असतं. तिचे हात माझ्या हातात घेतले. खरूज नव्हती ती. इतके दिवस मी तिला हात धू म्हणत होते आणि ती ह्याच पाण्यात धूत होती.

आणि उशीर. तिच्या वस्तीत नळ सहाला येतो. दोन घागरी, एक कळशी भरायची, रांग साडेसातपर्यंत. आई पहिल्या पाळीला कामावर जाते, त्यामुळे पाणी सोजरनंच भरायचं. बाकीच्या उशिरा येणाऱ्यांना एकेकाला जवळ बसवून विचारलं. बारापैकी दहा जण नळावरच अडकलेले असतात. पाणी भरून दमून आलेल्या पोरांना मी शिक्षा म्हणून पाणी भरायला लावत होते. तुम्ही ऑगस्टमध्येच विचारलं होतंत, तीच पोरं असतात का. मी उत्तर दिलं, सवय.

तेव्हा, चाचा, तुम्ही चुकलात. सूड नव्हता तो. माझी चूक मात्र तुमच्या अंदाजापेक्षा मोठी निघाली.

तेरा झाडं गेली. सत्तावीस राहिली आहेत.

प्रभा


चाकण,
७ मार्च १९७६

बेटी,

चुकलो, आणि इतक्या वर्षांत चुकून एवढं बरं कधी वाटलं नव्हतं. माझ्या पोटात काळं होतं म्हणून मला पोरीच्या पोटात काळं दिसलं. शितावरून भाताची परीक्षा करतात खरी, पण शीत दुसऱ्याच्या भांड्यातलं असून कसं चालेल?

तुझ्या चाचीनं ते हिरव्या पाण्याचं ऐकलं आणि पदर डोळ्याला लावला. म्हणाली, त्या लेकीला माझ्या हातचं काहीतरी पाठवा. सोबतच्या डब्यात शेंगदाण्याचे लाडू आहेत. हातांना खोबरेल लावायला सांग, आणि तिथल्या डॉक्टराला दाखव. मलमावर भागवू नको.

झाडांचं नंतर. आधी बघ, त्या नालीवर आणखी कोण जातं. बाया भांडी घासतात का, कोण पोरांना अंघोळी घालतं का. ज्या पाण्यानं लिंब मेला ते पाणी माणसाला काय करील?

मेलेल्या झाडांची माती दोन हात खोल काढून टाक, नाहीतर तिथं काही यायचं नाही. पाऊस जमला की मी तेरा नवी रोपं धाडतो. ती तुझ्या तिसात धरणार नाहीत, मला ठाऊक आहे. तरी लाव.

शाळा जरा उशिरा भरवता येत नाही का? कंपनीत सायरन साहेबाच्या घड्याळावर वाजतो. शाळेत तरी पोरांच्या घड्याळावर वाजू दे.

चांदचाचा


काळेवाडी,
४ जुलै १९७६

चाचा,

पाहणी झाली. क्रमानं सांगते, नाहीतर मी मधूनच सुरुवात करीन.

नालीवर आठ घरांच्या बाया भांडी घासत होत्या. शनिवारची शाळा मी तिथे भरवली. सोजरनं एका मातीच्या परळात विहिरीचं पाणी ठेवलं, एकात नालीचं, दोन्हींत हरभरे भिजत घातले. चार दिवसांनी एकाला मोड आले, दुसरे जसेच्या तसे पडून राहिले. ते परळ घेऊन ती स्वतः आठही घरी फिरली. मी व्याख्यान दिलं असतं तर एकीनं ऐकलं नसतं. शाळा आता पावणेआठला भरते. पाणी घालायची पाळी हजेरीच्या क्रमानं येते, आणि ज्याची पाळी नसते तो कुरकुर करतो.

अण्णासाहेबांकडे मी स्वतः गेले. म्हटलं, नालीचं काहीतरी करा. ते म्हणाले, करू. मे महिना गेला, जून आला. मग एक दिवस म्हणाले, "बाई, तीन झाडं कमी पडतात ना? माझा माणूस तीन डहाळ्या खोचून देईल. साहेब गाडीतून उतरतसुद्धा नाहीत. फक्त अहवालात वाळवी लिहा."

मी नाही म्हटलं नाही, चाचा. मैदान डोळ्यांसमोर होतं. साहेब येणार त्या दिवशी सकाळी येऊन पाहते तर रिकाम्या आळ्यांत तीन हिरव्या डहाळ्या ताठ उभ्या. मी त्यांच्याकडे बघितलं न बघितल्यासारखं केलं.

पाणी घालायची पाळी सोजरची होती. ती माझ्याकडे आली, बादली हातात तशीच.

"बाई, ह्या तिघास्नी मुळं न्हाईत. ह्यास्नी पानी घालायचं का न्हाई?"

हो म्हटलं असतं तर शिकवलेलं सगळं पुसलं असतं, आणि नाही म्हटलं असतं तर तिला कळलं असतं की बाईंना माहीत आहे. मी जाऊन तिन्ही डहाळ्या उपटल्या. कुंपणाबाहेर टाकल्या.

साहेब गाडीतून उतरले, चाचा. एक एक झाड मोजलं. सत्तावीस. त्यांना मी अहवाल दिला. त्यात लिहिलं होतं, तेरा झाडं नालीच्या पाण्यानं मेली. ते पाणी उशिरा येणाऱ्या मुलीनं घातलं. तिला पाणी आणायची शिक्षा मी दिली होती. साहेबांनी ते उभ्यानं वाचलं. म्हणाले, बाई, असं कुणी लिहून देतं का? पण फाडलं नाही.

निकाल काल आला. शाळेच्या बाजूचे दहा गुंठे शाळेकडे. रस्त्याच्या बाजूचे दहा ट्रकना. त्या दहांत आपली अकरा झाडं आहेत, ती काढून घ्या असं लिहिलंय. नालीबद्दल कारखान्याला नोटीस गेली आहे. अण्णासाहेब समितीच्या सभेला आले नाहीत. पुन्हा येतील असं वाटत नाही.

मुलांना अजून सांगितलेलं नाही. खरं सांगू का, तीन काटक्या उपटल्या नसत्या तर सगळं मैदान राहिलं असतं, हे मनातून जात नाही.

प्रभा


चाकण,
११ मार्च १९८०

बेटी प्रभास दुवा.

चार वर्षांत तू 'या' म्हणालीस आणि मी 'येतो' म्हणालो, असं किती वेळा झालं. परवा डोळ्याच्या कामाला पिंपरीला यायचं होतं, तिथून पाय तुझ्याकडे वळले. तू ट्रेनिंगला गेली होतीस. शिपाई म्हणाला, बाबा, बसा, पाणी प्या. मी म्हटलं, आधी मैदान बघतो.

तुझी बाजू बघितली. पोरं सावलीत बसून पाढे म्हणत होती. मला त्यातलं काही सांगायचं नाही, ते तू रोज बघतेस. तू कधी पलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिली आहेस का, ते सांग. मला वाटतं नसशील. त्या पाहणीच्या पत्रानंतर तू त्या बाजूबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाहीस.

तुझी अकराच्या अकरा झाडं तिथं आहेत. 'काढून घ्या' म्हणून कागद निघाला, पण काढायला कुणी आलंच नाही. आता ट्रकवाले काढू देत नाहीत. उन्हात गाडीचा पत्रा तापतो, टायर तापतात, डायव्हर भाजतो. सावलीतली जागा धरायला सकाळी भांडणं होतात. प्रत्येक करंजाला त्यांनी जुन्या टायरचा कठडा केलाय.

मी तिथं असताना एक ट्रक लागला. डायव्हर युनूस नावाचा, तिकडं मालेगावचा. उतरला, इंजिनचं झाकण उघडलं, डब्यात गरम पाणी सोडलं आणि झाडाकडे निघाला. चांगल्या मनानं निघाला होता बिचारा.

तेवढ्यात कुंपणापलीकडून एक मुलगी ओरडली. निळा स्कर्ट, पाठीला दप्तर, हायस्कुलातून घरी निघाली असावी. शिपायानं सांगितलं, ही सोजर, आठवीत आहे.

"भाऊ, थांबा. ते रेडिएटरचं पाणी हाय. झाडाला न्हाई घालायचं."

तो म्हणाला, "अगं, पाणी आहे. रस्त्यावर फेकू का मग?"

"रस्त्यावर बी नको. पावसानं वाहून हितंच येतंय. डब्यात ठिवा, गार झालं की पुन्हा गाडीत घाला."

"आन् झाडाला काय घालू? थुंकी?"

"हीर हाय की. त्या घरामागं."

मला वाटलं, आता चार शिव्या हासडतो. पोरगी कुंपणाला रेलून तशीच उभी, बोट विहिरीकडे. शेवटी त्यानं डबा सीटखाली ठेवला, क्लीनरची बादली उचलली आणि पुटपुटत निघाला. मी बसल्या जागेवरनं हाक मारली, अरे राव, दुसरी बादली कुठंय? त्यानं दाखवली. मी उचलली.

वाटेत मला म्हणाला, बाबा, तुम्हाला कुणी जुंपलं?

मी म्हटलं, कुणी नाही.

दोन खेपा केल्या. दुसऱ्या खेपेला माझी बादली अर्धी डुचमळली, तरी पोरीनं काही म्हटलं नाही. जाताना तिनं मला नाव विचारलं. मी सांगितलं, रोपं धाडणारा चाकणचा म्हातारा. तिनं दोन्ही हात पुढं केले, तळवे वर करून, दाखवायला. स्वच्छ होते.

चांदचाचा